दिव्याची खूण

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी आणि अण्णा, दोघं बरी आहोत. तू अक्षर लावत वाचतोस, म्हणून सुटं आणि मोठं लिहिते आहे.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की अण्णा हट्टी आहेत, कानाचं मशीन डबीतच ठेवतात. ते खरं नाही. ते सकाळी दात घासण्याआधी मशीन घालतात आणि झोपताना काढतात. त्यातून ऐकू येत नाही, एवढंच. परवा शेजारच्या काकूंनी मशीनबद्दल विचारलं तर अण्णा म्हणाले, "घरजावई आहे. आत बसलाय मजेत, कामाला हात लावत नाही."

तुझं ते फोनवरचं "आधी मशीन घाला, मग बोला" माझ्या त्या पत्रामुळे होतं. त्यांच्यावर रागावू नकोस.

कारखान्यात ते अजून स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीवर आणि मूठ कानाला लावून बिघाड शोधतात. गेल्या आठवड्यात दोनदा चुकले. अण्णांनीच मालकांना सांगितलं, "एक तारखेपासून येत नाही. मशीन लावूनही हे हाल, म्हणजे कानच संपले."

कान संपलेले नाहीत. हे फोनवर सांगता आलं नसतं. ते समोर असतात आणि काहीतरी चाललंय हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखतात.

मशीन घ्यायला गेलो तेव्हाचं सांगते. तपासणीच्या खोलीत एकट्याला बसवतात. मी तपासणाऱ्या बाईंना म्हटलं, माझ्याशिवाय ते घाबरतात, आणि आत बसले. खरं तर मीच घाबरले होते. कानात आवाज सोडला की बाईंच्या यंत्रावर बारीक हिरवा दिवा लागायचा. आवाज आला की अण्णांनी बटण दाबायचं. पण ते माझ्याकडे बघत होते, बँकेत, दवाखान्यात, सही कुठे करायची ते विचारताना बघतात तसे. दिवा लागला की मी पापणी मिटायचे. ते दाबायचे.

बाई म्हणाल्या, "वयाच्या मानाने छान आहे हो!" आणि साधं, कमी ताकदीचं मशीन दिलं. अण्णा घरी येईपर्यंत हसत होते. मला वाटलं, पास झाले.

महिन्याच्या आत पुन्हा तपासून मशीन बदलून देतात. मी आज परवाची वेळ घेतली आहे.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. लिहून द्यावं तर त्यांना वाचता येत नाही, ओरडून सांगावं तर सगळी गल्ली ऐकेल. त्या खोलीचं दार जाड आहे, आतलं बाहेर जात नाही. तिथे त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगेन आणि मग बाहेर येऊन बसेन. या वेळी बटण ते एकटे दाबतील.

तपासणी झाल्यावर, दुपारी त्यांना फोन कर. मी उचलणार नाही.

तपासणी परवा, गुरुवारी, १९ तारखेला, सकाळी साडेदहाला आहे.

तुझी,
सगळ्यांच्या वतीने बोलणारी
धाकटी