पायवाटेजवळची पांढरी खूण

१८ जानेवारी १९९४, संध्याकाळ

आज नानांवर ओरडलो. शेजारच्या शेतातले नाना, सुमनचे वडील. दोनदा साबण लावला तरी हाताचं ग्रीस जात नाहीये, आणि ती पांढरी खूणही डोळ्यांपुढून हलत नाही.

डुकरं हरभरा खातात म्हणून नानांना बांधावर तारेचं कुंपण घालायचंय. खांबांचे खड्डे पाडायला मी आमच्या ट्रॅक्टरला गिरमिट लावून गेलो. नानांनी चुन्याच्या फक्कीनं खुणा केल्या होत्या. पायवाटेजवळ आलो, तर तिथंही खूण! याच वाटेनं आमच्या शेतातून सुमन कॉलेजची एस्टी गाठते. मी कॉलेज सोडल्यापासून तेवढीच दिसते. डोकं फिरलं. गिरमिट मधूनमधून वर घेऊन माती झाडायची असते. मी दाबतच राहिलो. काळ्या मातीत ते रुतलं, पिन तुटली. वर मीच ओरडलो, "वाट बंद करायचा काय हक्क तुम्हाला?"

नाना शांतपणे म्हणाले, "आरे येड्या, दोन खुनास्ना मझार बैलगाडी जाई इतली जागा शे. तठे फाटक बसाडनं शे. पोर कॉलेजले उडत जाई का?"

खुणांमधलं अंतर मी बघितलंच नव्हतं. का ओरडलो, ते नानांना कळलं असेल? असणारच. तरी त्यांनी माझ्याबरोबर फावड्यानं गिरमिट मोकळं केलं. नवी पिन घालताना विचारलं, "फाटकनी कडी कोनत्या बाजूले लाऊ रे?"

'आमच्या' असं अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, "तुमच्याच."

उघडायचं की नाही, ते सुमननं ठरवावं.