चौसाळा ते अलिबाग, फक्त दोघं

शनिवार, १ फेब्रुवारी. दुपारी ३.
"मुंबईला गेलं की समुद्र आपोआप दिसतो." हे वाक्य आमचे हे मला पाहायला आले तेव्हा म्हणाले होते. तेवीस वर्षांपूर्वी, पोह्यांची बशी हातात धरून. इतक्या सहज म्हणाले की मला वाटलं, या माणसाचं मुंबईला सारखं येणं-जाणं असणार. आधीच्या दोन स्थळांनी शेत किती, विहिरी किती, तेवढंच सांगितलं होतं. समुद्राचं कुणी बोललं नव्हतं. मी होकार दिला.
त्यानंतर आम्ही अकरा वेळा जवळच्याच कपिलधारला देवाला गेलो. एकदा तुळजापूरला, तेही नणंदेच्या मुलाच्या जावळासाठी, टेम्पोतून.
आज ठरवलं. वीकेंड ट्रिप. शनिवारी मुंबई, रविवारी अलिबाग. फक्त दोघं. आमची ईश्वरी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तिला फोन केला. तिने विचारलं, मम्मी, पप्पा दुकान सोडून येणार आहेत का? मी म्हटलं, न यायला काय झालं? ती बराच वेळ हसली. नेटवर्क खराब असावं.

रविवार, २ फेब्रुवारी.
ह्यांना सांगितलं. हायवेला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. फेब्रुवारीत फारसं गिऱ्हाईक नसतं, हेही लक्षात आणून दिलं. म्हणाले, "बघू." नाही म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, हा होकारच.
तारीख : १५ आणि १६. प्लॅन वहीच्या मागच्या पानावर. पहाटे ४ ला निघणे. १२.३० मुंबई. ४.०० आइस्क्रीम. ६.३५ सूर्यास्त, हातात हात. हातात हात पेन्सिलीने लिहिलंय. हे अजून त्याला तयार व्हायचे आहेत.
संकल्प : १) रोज सकाळी चालणे. वाळूत पाय दुखतात म्हणे. २) ट्रिपबद्दल कुणालाही न सांगणे.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त शेजारच्या छबुबाईंना, कारण चाकांची बॅग त्यांच्याकडेच आहे.
त्यांनी बॅग दिली आणि विचारलं, कोण आजारी हाय? मी म्हटलं, कुणी नाही. मग मुंबईला कावून चाललीस? म्हटलं, फिरायला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझा हात धरून डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, माझ्यापासून कावून लपवतीस गं?
इथून मुंबईला माणूस दोनच कामांना जातो. दवाखाना किंवा मंत्रालय. आमचं मंत्रालयात काही नाही. त्यामुळे छबुबाईंचा अंदाज तसा बरोबर होता. मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं.
चालणे : पावसाळी वातावरण वाटलं म्हणून रद्द.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.
त्यांना पटलेलं नाही.
ह्यांच्या दुकानात आज सकाळपासून माणसं नुसतीच येऊन बसली. कुणी खत मागितलं नाही. एकाने नारळ आणला. एकाने ह्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, शिवशंकरशेट, काळजी करू नका, आता औषधं लई पुढं गेलीत. दुसरा म्हणाला, हे फवारणीचे डबे रोज हाताळायचे म्हणल्यावर कवा ना कवा होणारच.
रात्री जेवताना आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, ह्यांना जीभ दाखवायला सांगितली. ह्यांनी दाखवली. आत्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं.
हे चिडलेत. गावाला काय सांगून आलीस, म्हणाले. पण ट्रिप रद्द कर असं म्हणाले नाहीत. माणूस आतून तयार होतोय.

सोमवार, १० फेब्रुवारी.
नेकनूरचे आप्पाराव आले. ह्यांचे जुने गिऱ्हाईक, सत्तरीचे, काठी घेऊन चालतात. खताच्या रिकाम्या पिशवीतून एक्स-रे काढून ह्यांच्या समोर धरला. तुमी मोठ्या दवाखान्यात जाणारच हाय, तर माझा गुडघा बी दाखवा की. ह्यांनी एक्स-रे उजेडात धरून असा पाहिला, जसा कपाशीवरचा रोग ओळखतात. आणि म्हणाले, फोटो कशाला, तुमीच चला. वहिनीला बी घ्या.
मी आतून ऐकत होते. बाहेर जाऊन काही बोलणार होते. पण आमच्याकडे मुंबईला जाणाऱ्या गाडीत जागा असताना नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. मी पाणी नेऊन दिलं.
हरकत नाही. त्यांना दवाखान्यात सोडलं की आम्ही दोघं मोकळे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.
शहादेवची सात सीटची गाडी ठरली. एक सीट शहादेवचं, तो चालवणार. उरली सहा. आम्ही दोघं. आप्पाराव आणि त्यांची बायको. छबुबाई, कारण त्यांचा मुलगा सुरज मुंबईच्या अलीकडे कामोठ्याला राहतो आणि त्याला दळलेली ज्वारी पोचवायची आहे. ग्रामपंचायत सदस्य नाथा, कारण त्याचं मंत्रालयात काम आहे. नाथा पुढेच बसणार. मागं बसलं की लोकांना वाटतं पद गेलं, असं म्हणाला.
एका अर्थाने बरंच झालं. मोठी गाडी म्हणजे पाय पसरायला जागा. आणि माणसांत असूनही आपण दोघंच आहोत असं वाटणं, यालाच खरा एकांत म्हणत असावेत.
बीचसाठी टोपी हवी होती. बाजारात मिळाली नाही. ह्यांनी दुकानातली दिली, कंपनीकडून फुकट आलेली. वर तणनाशकाचं नाव आहे. पण रंग निळा आहे, समुद्राला शोभतो.
ह्यांची बॅग मी भरली. दोन शर्ट, दाढीचं सामान, कपाटात पडून असलेले बूट. हे बघत होते. मला छान वाटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी. सकाळी ९.२०, जामखेड. गाडीत.
४ ला निघायचं होतं. छबुबाईंची ज्वारी गिरणीतून साडेसातला आली.
निघताना एक छोटीशी अडचण. आप्पारावांचा गुडघा दुमडत नाही. त्यांना मागच्या सीटवर चढता येईना. मधल्या सीटवर बसवलं तर पाय आडवा, एका माणसाची जागा खाणारा. सगळे गाडीभोवती उभं राहून पायाकडे बघत होते. नाथाने पुढचं सीट देतो असं म्हटलं नाही.
तेवढ्यात हे खाली उतरले. म्हणाले, तू जाऊन ये. मी पुढच्या बारीला.
इतक्या मोठ्या मनाचा माणूस! सगळ्यांनी कौतुक केलं. ह्यांच्या खिशात दुकानाच्या चाव्या होत्या आणि पायात चपला. बूट बॅगेतच होते. म्हणजे बूट आता अलिबागला चाललेत. घाईत माणूस काहीही घालतो, त्यात काही अर्थ शोधू नये. मी शोधत नाहीये.
गाडी वळेपर्यंत हात हलवत होते. वळताना दुकानाचं शटर वर जाताना दिसलं. उन्हामुळे नीट दिसलं नसेल.

शनिवार. संध्याकाळी ५.३०, कामोठे.
मुंबई पाहिली. म्हणजे तिच्याकडे जाणारी पाटी. नगर ओलांडल्यावर नाथाच्या लक्षात आलं की शनिवारी मंत्रालय बंद असतं. त्याने ही गोष्ट सरकारची चूक म्हणून सांगितली. दवाखान्याची ओपीडीही दुपारी बंद. मग पुढे जाण्यात काय अर्थ, म्हणून गाडी सरळ सुरजच्या घरी.
त्याच्या इमारतीत खाली दवाखाना असलेल्या ओळखीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. म्हणाले, ऑपरेशन बीडलाही होतं. आप्पारावांची बायको म्हणाली, मी हेच म्हणतेय दोन वर्षांपासून. आप्पाराव म्हणाले, तू डॉक्टर हाय का?
६.३५ चा सूर्यास्त पार्किंगमधून दिसणार नाही. पण उजेड कमी होताना जाणवतोय.
ह्यांना दोनदा फोन केला. दुकानात गर्दी होती.

रविवार, १६ फेब्रुवारी. सकाळी ९.१०, अलिबाग.
पोचलो. समुद्र नव्हता.
ओहोटी होती. किनाऱ्यावर ओली काळपट वाळू, लांबपर्यंत. माणसं किल्ल्याकडे चालत जात होती, जिथे पाणी असायला हवं तिथून. छबुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, हे तर आपल्या तळ्यावानी हाय गं, मे महिन्यातल्या. पाणी कुटं हाय? चहावाला म्हणाला, दुपारी येईल. शहादेव म्हणाला, दुपारी आपण नसू, उद्या त्याला लग्नाचं भाडं आहे.
मी टोपी घालून पाण्याच्या दिशेने चालत राहिले. चालायचा सराव हवा होता. खूप लांब गेल्यावर घोट्यापर्यंत पाणी आलं. तेवढं पुरे वाटलं, आणि तेवढं पुरे वाटलं नाही.
ह्यांना व्हिडिओ कॉल केला. लगेच उचलला. मागे कुणीतरी युरिया मागत होतं. मी फोन फिरवून पाणी दाखवलं. ह्यांचा चेहरा स्क्रीनवर तसाच थांबला. मला वाटलं, अडकलं. मग म्हणाले, जरा खाली धर. मी पायांजवळ धरला. एक लाट आली, गेली. विचारलं, खरंच खारट असतं का गं? चाखून बघ.
मी चाखलं. म्हटलं, हो. तुम्ही नाही कधी चाखलं?
म्हणाले, मी कुटं पाहिलाय समुद्र. मग गिऱ्हाइकाला म्हणाले, थांबा हो दोन मिनिटं.
दोन मिनिटं मी तसाच फोन धरून उभी राहिले. हात दुखला. बाकीचे भजी खात होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपारी १.
काल रात्री पोचलो. ट्रिप एकंदरीत यशस्वी. उद्दिष्टांपैकी आइस्क्रीम झालं, कपातलं.
सकाळपासून पाच जण येऊन गेले. सगळे मुंबईला गेले आणि शिवशंकरशेटच राहिले, म्हणजे प्रवास झेपण्यासारखी तब्येत नसणार, असं आता गावात पक्कं झालंय. आत्यांना एकाने धीर दिला. आत्यांनी तो घेतला.
मी इतके दिवस समजत होते की ह्यांना माझ्यासोबत यायचं नाही. हे इथे पहिल्यांदा लिहितेय. या वहीत मी बरंच काही लिहिलं नाही. आता वाटतं, बिचाऱ्यांना जिथे जाऊन आल्यासारखं बोलले तिथे पहिल्यांदा बायकोदेखत जायची लाज वाटत असेल. किंवा खरंच दुकान असेल. मला कळत नाही. एवढं कळलं की अलिबाग फार लांब आहे. आमच्यासाठी जरा जवळचं काहीतरी हवं.
आता डबा घेऊन दुकानात जाणार आहे. एक गोष्ट मागायची आहे. खताचा ट्रक यायचाय म्हणतील, किंवा लोक काय म्हणतील म्हणतील, तेही आत्ता, सगळे आजारी समजत असताना. नाहीच म्हणतील, धरूनच चाललेय. तरी शब्द ठरवून ठेवते, ऐनवेळी भलतंच बोलायला नको :
अहो, आज चारला शटर अर्धं खाली ओढा आणि फाट्यावरच्या हॉटेलात माझ्यासोबत चहा प्यायला चला. पार्सल नको. टेबलावर बसून. एकाच बाजूला.