भाऊजींच्या झाडावरचा ठिपका

प्रिय भाऊजींस,

थोरल्या वहिनीचे आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढवत नाही असं कळलं. आमच्याकडे यायला जिना लागत नाही, तरी कित्येक वर्षांत फिरकला नाहीत, तेव्हा दोष सगळा गुडघ्याचा नसावा. मी बरी आहे. दात गेले, जीभ शाबूत आहे.

मागच्या अंगणातलं तुमच्या वाटणीचं झाड तोडून तिथे गाडीसाठी छप्पर घालायचं म्हणता. घाला बापडे. (गाडी अजून घेतलेली नाही हे मला ठाऊक आहे, पण मी कोण बोलणार.) त्याआधी इथे काय तमाशा झाला तो ऐका. सुट्टीत नात आली आणि माझ्या फोनात एक नकाशा घालून गेली. नवशिक्यांसाठी आहे, आजी, तुलाही जमेल, म्हणाली. (‘तुलाही’ मी लक्षात ठेवलंय.) पाखरू, साप, सरडा, जे दिसेल त्याचा फोटो काढून हिरवं बटण दाबायचं, की नकाशावर ठिपका पडतो आणि जगाला कळतं. जगाला माझ्या अंगणातल्या सरड्याशी काय करायचंय, हे मी विचारलं नाही. भाजी निवडून झाली की मी फोटो काढत हिंडायची आणि घरात येऊन, चष्मा लावून, ओट्याशी बसून बटण दाबायची. (चष्मा लावून चाललं की मला एका पायरीच्या दोन दिसतात.) आता चार बुकं शिकलेल्या बाईला काय कळणार, की ठिपका प्राणी असतो तिथे पडत नाही, बटण दाबताना फोन असतो तिथे पडतो? महिन्याभरात माझ्या स्वयंपाकघरात दोन साप, एक रानमांजर आणि बगळ्यांचा थवा वस्तीला आला. एक दिवस गळ्यात दुर्बीण अडकवलेला गृहस्थ दारात उभा. रानमांजर कुठे बसतं, आजी? म्हटलं, इथे फक्त मी बसते. तरी त्याने ओट्याखाली वाकून बघितलं. तिथे उंदीर होते. तेही त्याने टिपून घेतले.

उंदरांवरून आठवलं. (तेच सांगायचं होतं.) त्यांनी उच्छाद मांडला होता. माझी गादी, नातीची चप्पल, भिंतीवरच्या फोटोतला तुमच्या भावाचा कान, काही सोडलं नाही. मग तुमच्या झाडाच्या ढोलीत घुबडाचं जोडपं आलं आणि उंदीर दिसेनासे झाले. घुबडं दिसायला बेतास बात, रात्री ओरडतात, खाली घाण करतात. पण काम चोख. या घराण्यात मी असं फार पाहिलेलं नाही.

तुम्ही पाठवलेला झाडतोड्या बुधवारी आला. मी त्याला अडवलं नाही. फक्त म्हटलं, बाबा, वर चढतोच आहेस तर ढोलीतल्या घुबडाच्या पिल्लांचा फोटो काढ, माझी मान वर होत नाही. फोन त्याचाच घेतला आणि नकाशा त्यात मी घालून दिला. बटण त्याने फांदीवर बसूनच दाबलं, त्यामुळे ठिपका बरोबर झाडावर पडला. संध्याकाळपर्यंत कुठकुठल्या लोकांनी त्याची वाहवा केली, घुबडांखाली त्याचं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तो कुऱ्हाडीशिवाय, बायकोला झाड दाखवायला.

असो. गुडघा शेकत जा.

तुमची,
वहिनी

ता.क. झाड राहू द्या. छपरासाठी माझ्या वाटणीची न्हाणीघरामागची जागा घ्या. ती मी सख्ख्या भावाला दिली नसती.

ता.क. आणखी एक. पिल्लं परवा उडाली आणि मोठी दोघंही त्यांच्यामागे गेली. पुढच्या वर्षी परततील असं नात म्हणते. खोटं लिहायची सवय नाही म्हणून कळवते. उंदरांना याचा अजून पत्ता लागलेला नाही, तेव्हा इथे आलात तर जरा हळू बोला.