पुढच्या मॉडेलची मोटार

सावली, गुरुवार, मार्च २००८

बॅटरीच्या मोटारीचा एजंट घरी येऊन गेला, तवापासून जिवाले चैन नाई. माह्या पोरानं, रमेशनंच त्याले बोलावलं. चालती जीप आता एजंटकडं जमा करायची आन् नवीन मोटार दिवाळीले घ्यायची म्हणे!

मी इचारलं, "भाऊ, मासोळीच्या चार टोपल्या घेऊन हे मूल गावच्या बाजारात जाईन का?"

"पुढच्या मॉडेलात जाईल, आजी."

"इथी दिवसभर लाइन नसते. चार्ज कवा करू?"

"पुढच्या मॉडेलात तासाभरात होईल."

"बॅटरी किती वर्षं टिकते?"

"पुढच्या मॉडेलात..."

"मंग बापू, तू त्याच मॉडेलात बसून येजो. आता काऊन आला?"

रमेश चिडला. "माय, तुले नवीन काई चालतच नाई."

खोटं बोलते रमेश. एजंटनं आणलेल्या मोटारीत चक्कर मारली तवा ना आवाज, ना धूर. मले आवडली मोटार. पण नवीन जाळं तलावात टाकून पाह्यल्याबिगर आमी जुनं जाळं कोणाले देतो का? मोटारीचं काऊन येगळं?

शेवटी रमेशले म्हटलं, शनिवारी तलावात जाळं पडते. एजंटले म्हणा मोटार आण, टोपल्या मूलले पोचव. पोचवल्या तर जीपची चाबी मीच देतो.

रमेशनं तिथीच फोन लावला. ओल्या टोपल्याइले गाडी मिळणार नाई, एजंट म्हणे. रमेश जीप धुवाले गेला.

मी जिंकली. पण एजंटनं हो म्हणावं, असंच मले वाटत होतं. का चुकलं माहं?