बाईंच्या पोटाशी

बाई,

परवा चिखलीला भावाच्या नातवाचं बारसं झालं. पाळण्याशी उभा असलेला माझा थोराड, टकल्या भाऊ बघून तुमची फार आठवण आली, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन जमाना झाला, तेव्हा हे कपाटातच राहणार.

चिंचवडच्या शाळेत तुम्ही आम्हाला सस्तन प्राणी शिकवत होता. मी कांगारूचं चित्र सशाशेजारी लावलं, तर तुम्ही माझा कान धरलात. "तोंडं बघून जोड्या लावतेस होय? पोर कसं वाढवतात ते बघ." मग फळ्यावर तीन रकाने पाडलेत: अंडी घालणारे, पिशवीवाले आणि आपण, आईच्या पोटात नाळेनं वारेला जोडून वाढणारे. पिशवीवाल्यांचं पिल्लू अर्धवटच जन्मतं, उरलेलं आईच्या पिशवीत वाढतं. "म्हणजे ते आपल्याहून खालचे?" मी विचारलं. "खालचे कशानं? त्यांचं घर निराळं, एवढंच."

त्याच आठवड्यात आई सातव्या महिन्यात बाळंत झाली. वडील पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर. आई तापानं फणफणलेली, आणि बाळ गार पडत चाललेलं. सुईण म्हणाली, पुण्याला नेईस्तोवर गाडीतच जाईल. आजीनं तर त्याला सुपात घालून बाजूला ठेवलं होतं. मी धावत शाळेत आले आणि धापा टाकत म्हणाले, "बाई, त्याला पिशवी पाहिजे!"

तुम्ही आमच्या उंबऱ्याशी आलात, तर आजी आडवी. विधवेची सावली तिला बाळंतिणीच्या खोलीत नको होती. "तुमी आत येऊ नगा, बाई. पोर आमचं हाय." तुम्ही मागे सरला नाहीत. आजीचा इतका राग मला कधीच आला नव्हता. शेवटी आतून आईच तिला म्हणाली, "आत्याबाई, येऊ द्या त्यास्नी. माजं हात लटलटत्यात, म्या न्हाई धरू शकत."

तुम्ही पोलकं सोडून बाळ उघड्या पोटाशी धरलंत आणि वरून लुगड्यानं घट्ट बांधलंत. असं करून पोर जगतं का, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. आईचं दूध मी कापसाच्या बोळ्यानं त्याच्या ओठांवर पिळत होते, आणि ते ओघळून खाली जात होतं. उन्हं कलली तेव्हा त्यानं पहिल्यांदा ते गिळलं. आजी भिंतीकडं तोंड करून रडली.

आईचा ताप उतरेपर्यंत तो तुमच्यापाशीच होता. मग एका सकाळी तिनं हात पुढे केले.

बाई कशा होत्या, असं भाऊ अजून विचारतो. मी सांगते, कडक होत्या. त्याला आईकडे देताना तुमचे हात सुटत नव्हते, आणि दिल्यावर रिकामा पदर पोटाशी तसाच गच्च धरून तुम्ही शाळेच्या वाटेला लागलात, एवढं मात्र मी त्याला सांगितलेलं नाही.