पाहिलेली ताई

५ जानेवारी
आले एकदाची! चाळीसगावला उतरले तर मला शाळेत बोलायला बोलावणारे मुख्याध्यापक छगन सर मोटारसायकल घेऊन हजर. मुलं मोबाईलवर कोणाशी बोलतात, त्यानं त्यांची झोप आणि मन कसं बिघडतं, हे शोधण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. पण असं स्वागत कुठेच झालं नाही. गावात शिरताच पोरी ‘पूनमताई आल्या’ ओरडत धावल्या. मुक्काम शेवंताअक्कांकडे. मुलगा-सून सुरतेला कामाला. घरात अक्का आणि नववीतली नात मोहिनी. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी. शेंगदाणे मला चालत नाहीत, अंगावर गांधी उठतात. नेमके भरतात नव्हतेच! पोटभर हाणलं.

६ जानेवारी
वर्गात माझा नेहमीचा नियम घोकून घेतला: ज्याला प्रत्यक्ष पाहिलं नाही, त्याला भेटायला जायचं नाही. मोहिनीनं विचारलं, आणि पाहिलं असेल तर? घंटा झाली होती. मग निदान माणूस खरा आहे एवढं कळतं, म्हणाले. पोरगी खुदकन हसली. आईबापाविना एकटी पडलीय बिचारी.

८ जानेवारी
अक्कांना विचारलं, शेंगदाण्याचं कोणी सांगितलं? म्हणाल्या, मोहिनीनं. मोहिनी म्हणते, तुम्हीच की! तिनं मोबाईल पुढे केला. दिवाळीपासून ‘पूनमताई’शी गप्पा. फोटो माझा. वडील मला चिमे म्हणायचे, तेही त्यात. हे मी जन्मात कुठे लिहिलेलं नाही. कोणाचा हा चावटपणा? छगन सरांवरच संशय आला, कारण बोलावणं त्यांचं. सरळ विचारलं. ते उलट हसले. मॅडम, येते म्हणून फोन तुम्हीच केला होता, म्हणाले. मी? मला तर त्यांचा फोन आला होता! थापा मारतोय मेला. की नाही?

१० जानेवारी
मोहिनीला बजावलं, ती मी नव्हे. पोरगी फुरंगटली. ताई कधीची केळीच्या बागेत बोलावतेय, पण पाहिलं नव्हतं म्हणून गेले नाही, म्हणाली. आता पाहिलंय ना! म्हणजे मला इथे आणलं ते याचसाठी?
तेवढ्यात तिच्या मोबाईलवर ताईचा निरोप: लोकांसमोर मला तसं बोलावं लागतं गं.
मोबाईल काढून घेतला. जळगावला पोलिसांत तक्रार केलीय. उद्या संध्याकाळी माणूस येतोय.

११ जानेवारी, सकाळ
आज रविवार, शाळा नाही. पोरीला नजरेआड करायचं नाही. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू.

दुपार
फक्त अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर मोहिनी नाही. अक्का अंगणात तूर पाखडत होत्या. मला पाहून हातातलं सूप पडलं. म्हणाल्या, तू त आत्तेच मोहिनीसंगे गयी, मंग तू कोन शे?
मला खोलीत ढकललं. बाहेरून कडी. माणसं गोळा करायला गेल्या. मी खिडकीतून ओरडतेय, आधी बागेत जा, बागेत — कोणी ऐकत —
खुंटीवर माझी हिरवी शाल नाही.

मोहिनीचा मोबाईल वाजला. फोटो आलाय. केळीची पानं — पोर माझ्या शालीत, हसतेय — खांद्यावर हात — माझा हात, माझी अंगठी — अंगठी तर इथे, माझ्या बोटात —
खाली ओळ: चिमे, पोर गुणाची आहे. प्रत्यक्ष पाहिलं, मगच आली.
मोहिनी, ती मी नाही गं, ती —