ओव्हनमधून उचललेली टर्की

मॅन्सफिल्ड, ओहायो
२५ नोव्हेंबर १९७८

ती. मर्नाताई हिस,

सा. न. वि. वि. नमस्कार रीतीपुरता आहे, मनातून नाही.

परवा थँक्सगिव्हिंगला तू माझ्या घरात जे केलंस ते पक्क्या वैऱ्यानेही केलं नसतं. टर्की भाजण्यात तुझा हातखंडा, म्हणून माझ्या नॅडीनने आपलं स्वयंपाकघर तुझ्या हवाली केलं. पाहुणे जेवायच्या खोलीत बसलेले. माझे सासू-सासरे, नॅडीनची बहीण, तिची मुलं, शिवाय आमच्या कारखान्याचे मॅनेजर सपत्नीक. मी सुरीला धार लावून उभा. आणि तू ओव्हन उघडलास, भाजत आलेला पक्षी खोलगट तव्यासकट टॉवेलात गुंडाळलास आणि आमच्या डोळ्यांदेखत मोटारीत घालून निघून गेलीस! जाताना काय म्हणालीस, तर जिच्यासाठी भाजली तीच इथे नाही.

मागे उरलं काय? कुस्करलेले बटाटे, घेवड्याच्या शेंगा आणि भोपळ्याची गोड पेस्ट्री. नॅडीनने रडत रडत सगळ्यांना अंडी तळून घातली. सासरेबुवांनी विचारलं की तुमच्याकडे देवाचे आभार आधी मानतात की पक्षी पळवल्यावर? मॅनेजरसाहेब हसले नाहीत, हे अधिक वाईट.

तुला आईचा पुळका आला असेल तर आधी मला बाजूला घेऊन विचारायचं होतंस. आता माफी मागायची ती नॅडीनची माग. तवा तिच्या आजीचा आहे, तो परत पाठव.

लोभ होता, आहे की नाही ते तूच ठरव.

तुझा भाऊ,
लॉइड


टोलेडो
२८ नोव्हेंबर

चि. लॉइड यास अ. आ.

आशीर्वाद देते, कारण धाकट्याला शिव्या लिहून पत्र सुरू करू नये असं आपल्याला शिकवलंय. शिव्या खाली आहेत.

तू मला सांगितलंस की आईला ताप आहे, डॉक्टरांनी वृद्धाश्रमातून हलवायची बंदी केली आहे. मी विश्वास ठेवला. पहाटे उठून शिळ्या पावाचे तुकडे केले, कांदा आणि सेलरी लोण्यात परतली, आई घालते तसा सेजचा पाला चुरून सारण भरलं. ताटभर तिच्यासाठी काढून न्यायचं ठरवलं होतं. पक्ष्यावर लोणी सोडत होते तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. तू बाहेर पाहुण्यांचे पेले भरत होतास. वृद्धाश्रमातल्या टिबेट्सबाई बोलत होत्या. म्हणाल्या, तुमच्या आई सकाळपासून कोट-टोपी घालून दाराशी बसल्यात, जेवायला उठत नाहीत, कोणी न्यायला येणार आहे का? मी तापाचं विचारलं. त्या म्हणाल्या, कसला ताप?

लॉइड, तुझ्या जिभेला काही हाड? धडधाकट आईला आजारी पाडलंस, तेही एका जेवणासाठी! गेल्या वर्षी ती तुझ्या सासऱ्यांना म्हणाली की तुमच्या मुलीला अंडं उकडता येत नाही, आणि क्रॅनबेरीचा वाडगा टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर उपडा केला. ठाऊक आहे मला, मी समोरच होते. म्हणून तिला ताटावरून उठवायचं? मग मलाही बोलवायचं नव्हतंस. पण नाही, मी हवी होते, भाजायला!

तुला बाजूला घेऊन विचारलं असतं तर तू आणखी एक खोटं सांगितलं असतंस.

तवा घासून पाठवते आहे. माफी पाठवत नाही. नॅडीनबद्दल मला वाईट वाटतं, पण तिने ते तुझ्याकडून वसूल करावं.

तुझी बहीण,
मर्ना


मॅन्सफिल्ड
२ डिसेंबर

ती. मर्नाताई हिस,

तवा पोचला.

मी खोटं बोललो. चादर-बिदर सोड, त्याचं खरं कारण वेगळंच आहे. तू वर्षातून दोनदा येतेस, मिठी मारतेस, कधी पेस्ट्री पाठवतेस आणि टोलेडोला निघून जातेस. संध्याकाळी तिला परत सोडायला कोण जातं? मी. गेल्या थँक्सगिव्हिंगला वृद्धाश्रमाच्या फाटकाशी तिने मोटारीचं दार धरलं ते सोडेना. मला म्हणाली, आजची रात्र राहू दे रे. माझ्याकडे रिकामी खोली नाही. जिना चढवत नाही तिला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, ताई. ते पुन्हा करायची माझी हिंमत नव्हती. घरी न आणणं सोपं वाटलं.

आता खुशाल शिव्या दे. पण दर रविवारी मी जातो, तू नाहीस, हेही त्याच शाईने लिही.

लॉइड


मॅन्सफिल्ड, वृद्धाश्रम
११ डिसेंबर

चि. लॉइड व चि. मर्ना यांस अ. उ. आ.

परवा मर्ना आली आणि तिने लॉइडची दोन्ही पत्रं मला वाचून दाखवली. दाखवायला नको होती. सख्ख्या भावाची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडू नये. पण दाखवलीच, तर आता माझंही ऐका. मला दोघांचाही संताप आला आहे.

मर्ना, तुझी टर्की हाडाजवळ कच्ची होती. इथल्या स्वयंपाकिणीने पुन्हा ओव्हनमध्ये घातली तेव्हा कुठे खाण्याजोगी झाली. सारण चांगलं होतं. म्हाताऱ्यांनी मिटक्या मारल्या, पण इतक्या माणसांच्या तोंडचा घास ओढून मला भरवायला मी सांगितलं नव्हतं. नॅडीन रडली, त्यात माझं पोट भरलं का? मनातला राग भावावर होता आणि भोगला त्या पोरीने. मी तिला गेल्या वर्षी बोलले ते वाईट बोलले. तिला मी वेगळं लिहिलं आहे. तुम्हाला ते दाखवायचं नाही असंही लिहिलं आहे.

लॉइड, ताप आल्याचं तू आश्रमात कळवलं नाहीस, पण न्यायला येणार नाहीस हे सणाआधीच्या सोमवारीच कळवलंस. टिबेट्सबाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या, त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तरीही मी सकाळी कोट घातला. तू स्वतःच्या तोंडाने सांगायला येशील, असं वाटलं. निदान तेवढ्यासाठी तरी.

आणि मोटारीचं दार. मूर्खा, मला तुझी खोली नको होती. मी एकोणऐंशी वर्षांची आहे, घर सुटताना माणूस काहीतरी धरतंच. तू दोन मिनिटं नुसता उभा राहिला असतास तर मीच सोडलं असतं. तू बोटं सोडवलीस. ते मला त्या दिवसापासून झोंबतंय, आणि तू वर्षभर मला फुलं आणतोस.

ह्या रविवारी फुलांशिवाय ये. मर्नाही येणार आहे, मीच तिला दम दिला आहे. दोघांनी माझ्यासमोर काय भांडायचं ते भांडा, पाहिजे तर ओरडा, इथे निम्म्यांना ऐकू येत नाही. भांडण संपलं की मला नदीपर्यंत फिरवून आणा, आणि परत सोडताना घाई करू नका.

रागावलेली, तरीही तुमची,
आई
हेझल